स्वागताध्यक्षीय भाषण : फैजपूरनगरीत आपले स्वागत

सन्माननीय अध्यक्ष महोदय, अभ्यासक, कलावंत आणि रसिकहो,

सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांनी वेढलेल्या या गावात आपले मनःपूर्वक स्वागत!

राष्ट्रीय काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन डिसेंबर 1936 मध्ये इथेच झाले. अध्यक्ष पंडित नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव. गांधीजी आले. नंदलाल बोस यांनी बांबू, चटया, टोपल्या अशा गावच्या वस्तूंनीच अधिवेशनाचे टिळकनगर सजवले. साने गुरुजी अधिवेशनासाठी गावोगाव हिंडले. मात्र आज मला खास आठवण करायची आहे ती खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरींची. पोलिसातली नोकरी सोडून नाना स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि या अधिवेशनासाठी त्यांनी जिवाचे रान केले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय 1961 पासून आमची मुलेमुली घडवत आहे. बाहेरच्या जगाला मात्र नाना अजून पुरते कळलेले नाहीत. ते आपण इथून सोबत न्यावेत, ही विनंती.

आपल्या या संमेलनाचा विषय नीतिनाट्यांवरील चित्रपटांचा. डच दिग्दर्शक योस स्टेलिंग यांनी 1974 मध्ये ‘मारिकेन’ या जुन्या डच नाटकावर चित्रपट केला. सैतानासोबत सात वर्षे राहिलेली मारिकेन बाजारात गाड्यावरचे नाटक पाहते आणि तिला पश्चात्ताप होतो, अशी ती मूळ कथा. आमच्याकडे माणसाला भानावर आणण्याचे हेच काम एकनाथांच्या भारुडांनी आणि डफावरच्या वहीगायनाने केले. एकनाथांवरच्या प्रभातच्या चित्रपटाचे ‘महात्मा’ हे नाव सेन्सॉरला चालले नाही. 1935 मध्ये तो ‘धर्मात्मा’ म्हणून आला. आणि ज्यांना लोक महात्मा म्हणत, ते गांधीजी पुढच्याच वर्षी फैजपूरला आले. त्याच वर्षीचा ‘संत तुकाराम’ व्हेनिसपर्यंत गौरवला गेला. सामान्य माणसाला त्याच्याच अंगणात, त्याच्याच बोलीत शहाणपण सांगायचे, हीच टिळकनगराचीही रीत होती. म्हणून हे संमेलन इथे शोभते.

व्यवस्थेत उणिवा आहेत. निवास तीन ठिकाणी विभागला आहे, भुसावळहून येताना आपल्याला हाल सोसावे लागले, रात्री थंडी बोचेल. जादा पांघरुणे कार्यालयात ठेवली आहेत. संकोच न करता मागा. वीज गेली तर जनरेटर सज्ज आहे. तरीही काही राहिलेच, तर पाहुणचारात कसूर झाली असे समजून क्षमा करावी.

केळी बागायतदार, व्यापारी बांधव, मंडप उभारणारे कारागीर, वसतिगृह मोकळे करून देणारे विद्यार्थी, पहाटेपासून भरीत आणि कळण्याच्या भाकरीसाठी राबणाऱ्या बचत गटाच्या भगिनी आणि नाव न सांगण्याच्या अटीवर देणगी देणारे दाते, या साऱ्यांचा मी ऋणी आहे. त्यांच्यामुळेच आज आपल्यासमोर उभे राहण्याचे धाडस झाले.

अध्यक्ष महोदयांनी सूत्रे स्वीकारावीत, ही नम्र विनंती. जय हिंद, जय महाराष्ट्र!