माँटगमेरीच्या विधानभवनाचा जिना



अमेरिकेच्या प्रवासावर चार शब्द बोलावेत, असा संस्थेच्या कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. तेथील उंच इमारती आणि रुंद रस्ते यांविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. म्हणून आम्ही एकाच वास्तूविषयी बोलणार आहोत. ती म्हणजे अलाबामा राज्याची राजधानी माँटगमेरी येथील विधानभवन.

पहिली इमारत १८४९ मध्ये आगीत जळाली. त्याच जागी, टेकडीवर, १८५१ मध्ये आजची इमारत उभी राहिली. पांढरे खांब, वर घुमट. दर्शनी ओसरीवर एक पितळी चांदणी जडवलेली आहे. गुलामगिरी टिकवण्यासाठी देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांनी १८ फेब्रुवारी १८६१ रोजी तेथे शपथ घेतली. प्रवासी तेथे हौसेने फोटो काढतात. आम्हीही काढला.

पण आमचे पाय खिळले ते आत गेल्यावर. तेथे वळत वळत वर जाणारे दोन जिने आहेत. मधोमध आधाराचा खांब नाही. त्यांच्या बांधणीचे श्रेय होरेस किंग यांना दिले जाते. हे किंग जन्माने गुलाम. पूल बांधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. १८४६ मध्ये ते मुक्त झाले; त्यासाठी विधिमंडळाला कायदा करावा लागला. यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला आणि १८६८ मध्ये होरेस किंग याच राज्याच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. कारागीर म्हणून ज्या जिन्यावर घाम गाळला, तोच जिना ते सभासद म्हणून चढले!

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर किती बरे झाले असते! पण १९०१ मध्ये याच इमारतीत राज्याची नवी घटना तयार झाली. मतदानासाठी कर, लिहिता-वाचता येण्याची अट, मालमत्तेची अट. मताधिकाराच्या कलमांत वर्णाचा उल्लेख नव्हता. पण गोऱ्यांचे वर्चस्व हाच हेतू असल्याचे परिषदेच्या अध्यक्षांनी उघड बोलून दाखवले होते. १९०० मध्ये मतदानास पात्र असे सुमारे १,८१,००० कृष्णवर्णीय पुरुष राज्यात होते. १९०३ मध्ये यादीत उरले सुमारे ३,०००. मिळालेला हक्क गोळी न झाडता, कागदाने काढून घेतला गेला.

तो परत मिळवायला साठ वर्षांहून अधिक काळ लागला. मार्च १९६५ मध्ये सेल्मा गावाहून ८७ किलोमीटर चालत लोक येथे आले. २५ मार्चला सुमारे २५,००० माणसे या पायऱ्यांसमोर जमली. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषण झाले, पण पायऱ्यांवरून नव्हे. खाली उभ्या केलेल्या ट्रकवरून. गव्हर्नरांनी त्या दिवशी लोकांचे निवेदन स्वतः स्वीकारले नाही. तरी ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकाराचा कायदा झालाच.

पूज्य बाबासाहेबांचे या लढ्याकडे लक्ष होते. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या त्यांच्या अर्जाची माहिती मागवली होती. आपल्याला मात्र घटनेच्या ३२६ व्या कलमाने शिक्षण, मालमत्ता, जात काहीही न विचारता मत दिले. त्याची किंमत आपल्याला कळली आहे काय?

आम्ही दुसऱ्यांना दोष देत नाही. नाव यादीत आहे की नाही हे वेळेवर न पाहिल्यामुळे एका निवडणुकीत आम्ही स्वतः केंद्रावरून हात हलवत परत आलो होतो. त्या जिन्याखाली उभे असताना ते आठवले आणि आमची मान खाली गेली.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, अठरा वर्षे पूर्ण होताच यादीत नाव घाला. घरातल्या आजीचे नाव आहे का, तेही पाहा. होरेस किंग यांनी बांधलेला जिना आजही भक्कम आहे. पण तो चढण्याचा हक्क त्यांच्या लोकांकडून काढून घेतला गेला होता. आपला हक्क आपणच राखायचा आहे.