माझगावच्या रिबेकाबाई



1905 साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेचा निकाल लागला, तेव्हा पहिला क्रमांक आला तो पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या एका मुलीचा. हा मान तोपर्यंत कोणाही मुलीला मिळाला नव्हता. ही मुलगी बेने इस्रायल समाजातील असून तिचे नाव रिबेका रूबेन होते. पुढे इंग्लंडात अध्यापनशास्त्राचे शिक्षण घेऊन ती परत आली. एवढ्या पात्रतेच्या व्यक्तीला मोठी सरकारी जागा अशक्य नव्हती; रिबेकाबाईंनी मात्र 1922 पासून 1950 पर्यंत माझगावच्या एका शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. अठ्ठावीस वर्षे एकाच शाळेत घालविणाऱ्या माणसाचे चरित्र सहसा कोणी लिहीत नाही.

ह्या शाळेचे महत्त्व कळावयाचे तर समाज पाहिला पाहिजे. कुलाबा जिल्ह्याच्या गावोगावी तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावे केहिमकर, पेणकर, दिवेकर, अष्टमकर अशी गावांवरून पडलेली, बोली मराठी. अठराव्या शतकापासून ही कुटुंबे पलटणीत, गोदीत, कारखान्यांत आणि कचेऱ्यांत नोकरीसाठी मुंबईत आली. त्यांच्यापर्यंत शिक्षण प्रथम मिशनऱ्यांनी नेले. जॉन विल्सन यांनी 1832 साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले, ही गोष्ट आपल्या भाषेच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही. पण परक्याच्या शाळेत शिकणे आणि स्वतःची शाळा चालविणे यांत अंतर असते. ते अंतर हाईम सामुएल केहिमकर यांनी 1875 मध्ये इस्रायली शाळा काढून तोडले. मराठी प्राथमिक वर्गांपासून निघालेली ही शाळा पुढे हायस्कूल झाली.

त्याच सुमारास ह्या समाजाने दुसरी एक शाळा उघडली. तिला भिंती नव्हत्या. 1880 च्या आसपास मुंबईतील काही बेने इस्रायल मंडळींनी हरिकीर्तनाचा घाट उचलला आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, आर्यांत रचून गावयास आरंभ केला. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांतील अग्रणी. धर्मग्रंथ हिब्रूत, ती भाषा बहुतेकांना अगम्य. म्हणून तो ग्रंथ कीर्तनकाराच्या तोंडून मराठीत उतरला. समाजाला रंगभूमीचे वावडे नव्हतेच. जोसेफ डेव्हिड पेणकर पारशी रंगभूमीवर नाटककार म्हणून गाजले आणि 1931 चा पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ त्यांच्याच नाटकावर उभा राहिला.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. मुंबईत आलेल्या बगदादी ज्यू व्यापाऱ्यांत मातबर लोक होते. ससून घराण्याच्या गिरण्या सर्वांना ठाऊक आहेत. त्या गिरण्यांत काही बेने इस्रायलही राबत. धर्म एक, प्रार्थनेची भाषा एक; तरी 1836 मध्येच बगदाद्यांनी सामायिक दफनभूमीत आपल्या आणि बेने इस्रायलांच्या थडग्यांमध्ये भिंत मागितली. आणि खुद्द बेने इस्रायलांतही ‘गोरे’ व ‘काळे’ हा भेद होता, म्हणून एकतर्फी तक्रारीला फारशी जागा नाही. जातीची लागण ह्या देशात कोणत्याही धर्माला होते.

अशा समाजाला रिबेकाबाईंची शाळा काय देत होती? कारकुनाच्या आणि मिस्त्रीच्या मुलाला कोणापुढे हात न पसरता मॅट्रिकच्या पायरीपर्यंत नेणे, हे तर होतेच. शाळेचा खर्च मात्र लंडनच्या ज्यू संस्थेची मदत आणि दात्यांच्या देणग्या यांवर अवलंबून असे. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे शाळेला त्यांचे नाव मिळाले. दात्याचे नाव फाटकावर लागते, शिक्षिकेचे लागत नाही. शाळांच्या अर्थकारणातला हा जुनाच हिशेब आहे. रिबेकाबाईंनी मुलांसाठी इंग्रजीची क्रमिक पुस्तके लिहिली, समाजाचे वार्षिक संपादिले आणि स्त्रियांच्या संघटनेत काम केले. 1957 मध्ये त्यांचे निधन झाले.

तोवर शाळेचे वर्ग रिकामे होऊ लागले होते. विसाव्या शतकाच्या मध्याला सुमारे वीस हजार असलेल्या ह्या समाजातील बहुसंख्य लोक 1948 नंतर इस्रायलला गेले. तेथे पोचल्यावर, साठीच्या दशकाच्या आरंभी, मुख्य धर्मपीठाने त्यांच्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी करण्याचे फर्मान काढले! जी भिंत मुंबईत थडग्यांमध्ये मागितली होती, ती आता मांडवात आली. बेने इस्रायलांनी निदर्शने केली, धरणे धरले, आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या समान दर्जाचा ठराव इस्रायलच्या संसदेने केला. मुंबईच्या चाळींत वाढलेल्या माणसांना धरणे म्हणजे काय, हे कोणी शिकवावे लागले नसेल.

महाराष्ट्रात आज ज्यू समाज अत्यल्प उरला आहे. 2016 मध्ये राज्य सरकारने त्याला अल्पसंख्याक दर्जा दिला. गेलेल्यांनी तिकडे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले. माझगावची शाळा उभी आहे, आणि तिच्या वर्गांत आज बहुतेक मुले इतर धर्मांची आहेत.