जमीन कुणाच्या नावावर?
(युवती कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



एम.एस.डब्ल्यू. करताना मी एका डाव्या विचारांच्या युवक संघटनेत होते. शिबिरात शोषणावर तासन्‌तास चर्चा चालायची. चहाची वेळ झाली की माना आम्हा मुलींकडे वळायच्या. मी हे बोलून दाखवलं, तर 'आधी मोठा लढा, मग हे प्रश्न' असं उत्तर मिळालं. पुढे या संघटनांचा इतिहास वाचला. हे उत्तर जुनंच आहे, आणि ते खोडून काढणाऱ्या बायाही जुन्याच आहेत, हे तेव्हा कळलं.

आपल्याकडच्या समाजवादी युवक संघटनांची मुळं स्वातंत्र्यलढ्यात आहेत. नाशिकच्या तुरुंगातल्या चर्चांमधून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. त्याच विचाराचे एस. एम. जोशी १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दलाचे दलप्रमुख झाले. जातपात न मानता मुलंमुली एका मैदानावर आली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १९६७ मध्ये युवक क्रांती दल निघालं. बिहार आंदोलनाच्या काळात, १९७५ च्या आरंभी, जयप्रकाशजींनी तिशीच्या आतल्यांची छात्र युवा संघर्ष वाहिनी स्थापन केली.

वाहिनीने १९७८ पासून बोधगयेच्या मठाविरुद्ध भूमिहीन मजुरांचा लढा उभारला. मठाच्या ताब्यात हजारो एकर जमीन होती. मोर्चात बाया पुढे, मार खायलाही पुढे. पण जमीनवाटपाच्या याद्या झाल्या त्या पुरुषांच्या नावाने! बायांनी विचारलं, लढलो आम्हीही, मग नाव का नाही? वाहिनीतल्या मुलींनी हा प्रश्न बैठकांत लावून धरला. अधिकारी म्हणत, जमीन कुटुंबप्रमुखालाच मिळते. काही गावांनी ठाम सांगितलं, बायांच्या नावे देणार नसाल तर जमीनच नको. अखेर तिथे जमीन बायांच्या नावावर झाली.

या संघटनांनी आपल्याला भाषा दिली, रस्त्यावर उतरण्याची हिंमत दिली. ते ऋण मी मानते. पण समतेचा विचार मुळात असला, तरी तो आपल्या वाट्याला आपोआप येत नाही. मागावा लागतो, आणि वाटपाच्या आधीच मागावा लागतो.

तेव्हा आपापल्या गावी गेलात की घरकुलाचे, वनहक्काचे अर्ज काढून बघा. नावाच्या रकान्यात कोण आहे? आणि हो, आज चहा कोण करणार, तेही इथेच ठरवू या.