परतीच्या गाडीतली प्रयोगशाळा

(माणिकपूर येथील हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

माणिकपूरकरांना परतीच्या भाड्याचं गणित समजावून सांगावं लागत नाही. भाजी, फुलं, केळी घेऊन पहाटे दादरला गेलेला टेम्पो माल उतरवला की मोकळा होतो. डिझेल जाळून तो तिथवर पोचलेला असतोच. येताना कुणी गाडीत कपाट टाकलं, कुणी चार पिंपं टाकली, तर चालक भावासाठी फार ताणून धरत नाही. आजचा विषय असाच एक मोकळा झालेला टेम्पो आहे. हा साडेतीनशे-चारशे किलोमीटर उंचीवर, ताशी सत्तावीस-अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगानं धावतो आणि घरी न येता वाटेतच जळून जातो. तो जळण्याआधीच्या दिवसांत त्याच्या पोटात काय काय करून घेता येतं, याची ही हकिकत.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला शिधा, कपडे, सुटे भाग, प्रयोगांचं साहित्य पोचवणारी मालवाहू यानं नेमानं जातात. त्यांतलं अमेरिकेचं ‘सिग्नस’ माणसं नेत नाही आणि परतही येत नाही. माल उतरला की अंतराळवीर त्यात स्थानकावरचा कचरा भरतात, दार लावतात आणि त्याला सोडून देतात. पुढे ते वातावरणात शिरून जळतं. थोडक्यात, घंटागाडीच, फक्त कचऱ्याबरोबर गाडीही टाकून द्यायची.

ही गाडी सुटल्यापासून जळेपर्यंत काही दिवस, कधी काही आठवडे जातात. आत हवा आहे, वीज आहे, जमिनीशी संपर्क आहे आणि माणूस एकही नाही. मग जे काम माणसांच्या जवळपास करायची कुणाची छाती होणार नाही, ते इथे का करू नये? नासाच्या शास्त्रज्ञांनी इथे आग लावायचं ठरवलं.

समईची ज्योत नीट पाहिली तर ती वर निमुळती होत जाते. तापलेली हवा हलकी होऊन वर सरकते, खालून थंड, ताजी हवा येते आणि ज्योतीला ती उभी ओढ मिळते. अंतराळात ‘वर’ असं काही नाही. तापलेली हवा कुठेच जात नाही. ज्योत गोल, निळसर, मंद होते आणि स्वतःच्याच धुरात गुदमरते. ऐकायला हे निरुपद्रवी वाटतं. पण यानात माणसांना श्वास घेता यावा म्हणून पंखे सतत हवा खेळती ठेवतात, आणि ती झुळूक या गुदमरलेल्या ज्योतीलाही पोसते. २३ फेब्रुवारी १९९७ रोजी रशियाच्या ‘मीर’ स्थानकात प्राणवायू तयार करणारी नळी पेटली. सहा माणसं आत होती आणि स्थानक धुरानं भरलं. तिथे खिडकी उघडायची सोय नव्हती.

असं असूनही मोठी आग अंतराळात कशी पसरते, हे कुणी तपासलं नव्हतं. तोवरचे प्रयोग तळहाताएवढ्या तुकड्यांवर झाले होते, कारण त्याहून मोठं काही माणसांशेजारी पेटवणं म्हणजे वेडेपणा. १४ जून २०१६ रोजी स्थानकापासून सुटून दूर गेलेल्या सिग्नसमध्ये ‘सफायर’ नावाच्या पेटीत सुती आणि काचतंतूंचं मिश्र कापड पेटवलं गेलं. साधारण चाळीस सेंटिमीटर रुंद आणि चौऱ्याण्णव सेंटिमीटर लांब, म्हणजे अंग पुसायच्या पंच्याहून थोडं लहान. जमिनीवरून आज्ञा गेली, तार तापली, कॅमेरे चालू झाले. पुढे आठवड्याभरानं, २२ जूनला, यान वातावरणात जळून गेलं. असे सहा प्रयोग झाले, शेवटचा जानेवारी २०२४ मध्ये.

सिग्नस यानांना सहसा दिवंगत अंतराळवीरांची नावं देण्याची रीत आहे. सफायरचा पहिला प्रयोग ज्या यानात झाला त्याचं नाव रिक हसबंड, पाचव्याचं कल्पना चावला, सहाव्याचं लॉरेल क्लार्क. तिघंही १ फेब्रुवारी २००३ रोजी पृथ्वीवर परतताना ‘कोलंबिया’ यानासोबत गेली. वातावरणात शिरताना जळून गेलेल्यांची नावं, वातावरणात जळून जाण्यासाठीच बांधलेल्या यानांना, आणि त्यांच्या पोटात पुढच्या अंतराळवीरांचा जीव वाचावा म्हणून लावलेली आग! नावं देणाऱ्यांच्या मनात हे नसेलही. ‘कल्पना चावला’ यान ऑक्टोबर २०२० मध्ये सुमारे ३,६०० किलो सामान घेऊन गेलं. त्यात मुळ्याचं बी होतं आणि स्थानकासाठी नव्या धर्तीचं शौचालयही होतं. ६ जानेवारी २०२१ रोजी ते स्थानकापासून सुटलं, पोटातली आग पेटून विझली आणि २६ जानेवारीला, आपल्या प्रजासत्ताक दिनाच्या तारखेला, ते यान संपलं.

मोकळ्या गाडीचा फायदा घेण्याची अक्कल एकट्या अमेरिकेची नव्हे. रशियानं ४ फेब्रुवारी १९९३ रोजी ‘मीर’पासून सुटलेल्या प्रोग्रेस यानावर वीस मीटर व्यासाचा आरसा उलगडला, त्याचा कवडसा रात्रीच्या युरोपवरून सरकत गेला. जपाननं डिसेंबर २०१६ मध्ये निघालेल्या मालवाहू यानातून सातशे मीटर लांबीची तार सोडून पाहिली. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा रेटा वापरून अंतराळातला कचरा खाली ओढता येईल का, ही कल्पना होती. तार बाहेरच आली नाही. जपान्यांनी हाय खाल्ली नाही; ऑक्टोबर २०२५ मध्ये निघालेलं त्यांचं नवं ‘एचटीव्ही-एक्स’ यान स्थानक सोडल्यावरही दीड वर्षापर्यंत प्रयोगशाळा म्हणून फिरू शकेल, असं मुळातच बांधलेलं आहे.

आता भारताकडे वळू. आपलं स्थानक अजून नाही, ते २०३५पर्यंत उभारायचं ठरलं आहे. स्थानकच नाही तर मालवाहू यान कुठलं? पण परतीचा टेम्पो मात्र आपल्याकडे होता, आणि तो बरीच वर्षं नुसता वाया जात होता. पीएसएलव्ही रॉकेटचे चार टप्पे. पहिले तीन काम झालं की गळून पडतात. चौथा उपग्रहांना थेट त्यांच्या घरी सोडतो आणि स्वतःही तिथेच फिरत राहतो. नुसता फिरत राहिला तरी एक वेळ चालेल, पण १९ डिसेंबर २००१ रोजी असाच एक चौथा टप्पा, दोनच महिन्यांपूर्वी उडालेल्या पीएसएलव्ही-सी३चा, कक्षेत फुटला आणि त्याचे तीनशेहून अधिक मोजता येण्याजोगे तुकडे झाले. टाकीत उरलेलं इंधन म्हणजे घरात विसरलेला गॅस. तेव्हापासून इस्रो हे उरलेलं इंधन काढून टाकण्याची काळजी घेऊ लागली.

याच चौथ्या टप्प्याचं पुढे ‘पोएम’ झालं. इंग्रजीत कविता असा अर्थ निघावा म्हणून आद्याक्षरांची जुळवाजुळव केलेली दिसते; सरकारी खात्यात असं क्वचितच घडतं. २०१९ मध्ये पीएसएलव्ही-सी४५च्या वेळी रिकाम्या टप्प्यावर सौर पत्रे लावून तीन उपकरणं चालवली गेली. मग ३० जून २०२२ रोजी पीएसएलव्ही-सी५३सोबत पहिलं पोएम गेलं, सहा उपकरणं घेऊन. टाकीभोवती सौर पत्रे, एक लिथियम-आयन बॅटरी, सूर्य कुठे आहे ते सांगणारे चार संवेदक, चुंबकमापक आणि ‘नाविक’ या आपल्या दिशादर्शन प्रणालीचं मार्गदर्शन. तोंड वळवायला हीलियमच्या बारीक फुंकरी. भाडेकरूला लागतं ते सगळं: वीज, पत्ता, स्थिर जमीन आणि निरोप धाडायची सोय.

याची किंमत कळायची तर पुण्याकडे पाहावं. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, म्हणजे सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये ‘स्वयम्’ उपग्रहावर काम सुरू केलं. वजन एक किलोलाही थोडं कमी. तो उडाला २२ जून २०१६ रोजी, योगायोगानं सफायरचं पहिलं यान जळालं त्याच दिवशी. मधे आठ वर्षं! ज्यांनी सुरुवात केली ती मुलं केव्हाच पदवी घेऊन नोकरीला लागली असणार. आयआयटी मुंबईच्या ‘प्रथम’लाही अशीच नऊ वर्षं लागली. प्रयोग छोटासा, पण त्यासाठी अख्खा उपग्रह बांधायचा: वीज तुमची, बॅटरी तुमची, रेडिओ तुमचा. एक खोली हवी म्हणून अख्खी चाळ बांधण्यातला प्रकार. पोएमनं ती खोली भाड्यानं दिली.

१ जानेवारी २०२४ रोजी सकाळी ‘एक्सपोसॅट’ ही क्ष-किरण वेधशाळा सोडून मोकळ्या झालेल्या चौथ्या टप्प्यावर, सायनच्या के. जे. सोमय्या इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांचं ‘बिलीफसॅट-०’ होतं, हौशी रेडिओचालकांसाठीचं उपकरण. शेजारी मुंबईच्याच ‘इन्स्पेसिटी’ या नव्या कंपनीचं छोटं इंजिन. त्या टप्प्याला ६५० किलोमीटरवरून मुद्दाम ३५० किलोमीटरवर उतरवलं होतं, म्हणजे काम संपल्यावर विरळ हवेच्या घर्षणानं तो आपोआप खाली यावा. २१ मार्चला तो उत्तर पॅसिफिकवर जळून गेला. मागे तुकडा उरला नाही.

पण सगळ्यांत रंगली ती पुढची खेप. ३० डिसेंबर २०२४च्या रात्री दहा वाजता पीएसएलव्ही-सी६० उडालं. मोठी बातमी होती अंतराळात एकमेकांना जोडायच्या दोन ‘स्पेडेक्स’ उपग्रहांची, आणि ती १६ जानेवारीला फळाला आली. उद्याच्या भारतीय मालवाहू यानाची ही पहिली पायरी. दरम्यान, त्यांना सोडून मोकळा झालेला टेम्पो, म्हणजे चौथं पोएम, चोवीस उपकरणं घेऊन आपल्या वाटेनं फिरत होता. त्यांत तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्राची एक बंद पेटी होती आणि तिच्यात चवळीचे आठ दाणे.

घरी चवळी भिजवून फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड दिसतो. दाणा कसाही पडलेला असो, मूळ खालीच वळतं. मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींत पिष्टाचे जड कण असतात. ते तळाशी बसतात आणि ‘खाली’ कुठे ते मुळाला कळतं. कक्षेत ते कण तरंगत राहतात. पाण्याचंही तसंच: ते खाली झिरपत नाही, जिथे लागेल तिथे चिकटून बसतं. म्हणून माती सच्छिद्र घ्यायची, पाणी जमिनीवरून आज्ञा देऊन सोडायचं, आणि प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड, ओल, तापमान यांच्यावर नजर ठेवायची. चार दिवसांत मोड आले. मग पानं दिसली. उसळीला आठ दाणे पुरणार नाहीत, पण भारतानं अंतराळात रुजवलेलं हे पहिलं बी, आणि तेही स्थानकावर नव्हे, वापरून झालेल्या रॉकेटच्या तुकड्यावर.

त्याच टप्प्यावर पनवेलजवळच्या भाताणचा पालकही होता. अ‍ॅमिटी विद्यापीठ मुंबईच्या प्रयोगशाळेनं पालकाच्या पेशींचा गोळा पाठवला होता आणि तसाच दुसरा संच जमिनीवर ठेवला होता. कॅमेऱ्यानं दोन्हींचा रंग पाहत राहायचं; हिरवेपणा कमी झाला की काहीतरी बिनसलं. पुण्याच्या एमआयटी-डब्ल्यूपीयूचं ‘स्टर्ग-पी १.०’ हे उपकरण होतं. आणि ‘मनस्तू’ या मुंबईच्या कंपनीचं इंजिन, हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेल्या इंधनाचं. उपग्रहांत सर्रास वापरलं जाणारं हायड्रॅझिन इतकं विषारी, की ते भरणारा माणूस पूर्ण बंद पोशाखात असतो. नवं इंधन वापरायला कुणी तयार व्हायचं तर ते आधी अंतराळात चाललेलं दाखवावं लागतं, आणि कोट्यवधींच्या उपग्रहावर ही उमेदवारी कोण करू देणार? जो टप्पा तसाही जळणारच आहे, त्याचा मालक मात्र हो म्हणतो.

या सोयीला मर्यादा आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. इथून काहीही परत येत नाही. पालकाचा तो गोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येणार नाही. कॅमेऱ्यानं जे दाखवलं तेवढंच. अंतराळवीर नाही, म्हणून अडकलेली झडप बोटानं सोडवायलाही कुणी नाही. आणि गाडीच पोचली नाही तर सगळंच मुसळ केरात. १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्ही-सी६१चा तिसरा टप्पा बिघडला; चौथ्याची खरी पाळी आलीच नाही.

चौथ्या पोएमची पाळी मात्र पुरेपूर भरली. पृथ्वीभोवती हजारावर फेऱ्या मारून, ४ एप्रिल २०२५ रोजी, सकाळी ८ वाजून ३ मिनिटांनी ते हिंदी महासागरावर वातावरणात शिरलं. चवळीची पेटी, पालक, मनस्तूचं इंजिन, टाकीभोवतीचे सौर पत्रे, सगळं त्यात होतं. आपल्या वसई रोडच्या फलाटावर त्या वेळी चर्चगेट लोकलला नेहमीचीच गर्दी होती.