अंतःकरणांतील प्रतिमा व ईश्वराची वाट



पवित्र जपमाळेच्या रहस्यांचें चिंतन करतांना बेथलेहेमचा गोठा किंवा कालवारीवरील क्रूस आपल्या मनश्चक्षूंपुढें उभा राहतो. ही प्रतिमा केवळ मनाचा खेळ, कीं ईश्वराकडे नेणारी वाट? ह्या मंगल प्रसंगीं आम्ही ह्याच प्रश्नाचा थोडा विचार आपणांपुढें मांडूं इच्छितों.

संत अगस्तीन ह्यांनीं उत्पत्तीच्या ग्रंथावरील भाष्यांत दर्शनाचे तीन प्रकार सांगितले आहेत: देहाच्या नेत्रांस होणारें, अंतःकरणांत प्रतिमारूपानें होणारें, आणि प्रतिमेवांचून केवळ बुद्धीस होणारें. ह्यांतील मधला प्रकार हाच आपला विषय होय.

ह्या मधल्या प्रांताचा विचार मुसलमान साधकांनींही खोलवर केला. स्पेनांतील मुर्सिया येथें ११६५ सालीं जन्मलेले व १२४० सालीं दमास्कस येथें निधन पावलेले इब्न अरबी त्यास 'बर्झख', म्हणजे दोहोंमधील सीमा, असें म्हणतात. तेथें निराकार अर्थ रूप धारण करतो. आरशांतील मुख जसें आहेही आणि नाहींही, तशीच तेथील प्रतिमा. म्हणून स्वप्नांत दिसलेलें रूप जसेंच्या तसें घेऊं नये, त्याचा अर्थ उकलावा, असें ते बजावतात.

आविलाच्या संत तेरेजा ह्यांनीं १५७७ सालीं आत्म्याचें वर्णन सात निवासस्थानें असलेल्या स्फटिकाच्या किल्ल्याच्या रूपकानें केलें. त्यांच्या कितीतरी पूर्वीं, नवव्या शतकांत, बगदादचे सूफी नूरी ह्यांनींही श्रद्धावंताच्या हृदयांत सात किल्ले कल्पिले होते. हें साम्य मननीय आहे. तथापि भेदही झांकूं नये. आपल्या श्रद्धेप्रमाणें शब्द देही झाला. म्हणून आपल्या ध्यानांतील प्रतिमेस गालिलांत खरोखर वावरलेल्या प्रभूचा आधार आहे. इस्लाम धर्म हा देहधारणेचा सिद्धांत मान्य करीत नाहीं.

परंतु प्रतिमा फसवूंही शकते. संत तेरेजांस प्रभूचें दर्शन होई, तेव्हां तें सैतानाचें कृत्य आहे असें म्हणून त्याचा धिक्कार करण्याची आज्ञा त्यांस झाली. ज्याच्यावर प्रेम, त्याचाच धिक्कार! त्यांनीं ती आज्ञा अत्यंत क्लेशानें पाळली. क्रूसाचे संत योहान (१५४२–१५९१) तर सांगतात कीं, दर्शन ईश्वराकडून आलेलें असलें तरी त्यास कवटाळून बसूं नये.

मग पारख कशी करावी? १५२१ सालीं पांप्लोना येथें जखमी होऊन संत इग्नेशियस लोयोला आपल्या घरीं अंथरुणास खिळले होते. त्यांच्या मनांत दोन प्रकारचीं चित्रें येत: एक शौर्य व मानमरातब ह्यांचीं, दुसरीं संतांच्या अनुकरणाचीं. रमतांना दोन्ही गोड. पण पहिलीं ओसरल्यावर मन शुष्क होई, दुसऱ्यांनंतर आनंद टिकून राही. ह्याच अनुभवांत त्यांच्या 'आध्यात्मिक साधने'चें बीज आहे. त्या ग्रंथास पोप तिसरे पॉल ह्यांनीं १५४८ सालीं मान्यता दिली. संत तेरेजाही फळावरूनच निर्णय करतात: नम्रता वाढली काय? शेजाऱ्यावरील प्रीति वाढली काय?

बंधुभगिनींनो, ह्या मंदिरांत वेदीपुढें गुडघे टेकल्यावर मनांत जी प्रतिमा उमटेल, तिला तुच्छ लेखूं नये आणि तिलाच ईश्वर समजूंही नये. क्रूसावरील प्रभूचें ध्यान करून उठलेला मनुष्य दारावरील भुकेल्यास ओळखील, तरच त्याचें ध्यान सफल झालें. ही पारख करण्याची कृपा प्रभु आपणां सर्वांवर करो.