टाचेपासून कण्यापर्यंत



शके ९८२ च्या शिलालेखाने ज्याच्या प्राचीनत्वाची ग्वाही दिली आहे ते अंबरनाथचे शिवालय, फाळणीने निर्वासित झालेल्या सिंधी बांधवांनी लष्करी छावणीच्या बराकींतून उभे केलेले उल्हासनगर आणि उल्हासकाठचे बदलापूर, या तिन्ही नगरांच्या वतीने या परिषदेस आलेल्या डॉक्टर, शिक्षक आणि पालक बंधुभगिनींचे मी मनःपूर्वक स्वागत करतो.

मुलांच्या कण्याचा दाहजन्य संधिवात हा आज आपल्या विचाराचा विषय आहे. भारतातील अनेक रुग्णालयांच्या नोंदींत बालसंधिवाताच्या प्रकारांमध्ये तो अग्रभागी आढळतो. पुढे हा रोग कणा धरतो खरा, परंतु बालवयात त्याचा आरंभ बहुधा टाच, घोटा, गुडघा किंवा खुबा येथे होतो. आणि कण्याकडेच नजर लावून बसणाऱ्याच्या हातून तो निसटतो. दहा-बारा वर्षांचा मुलगा सकाळी आखडलेल्या अंगाने कठडा धरून जिना उतरतो आणि दुपारी मैदानात धावतो, तेव्हा घरी त्यास शाळेची टाळाटाळ म्हणतात, दवाखान्यात वाढीचे दुखणे म्हणतात. पण वाढीचे दुखणे सायंकाळी येते व सकाळपर्यंत ओसरते. या संधिवाताचे दुखणे मात्र विश्रांतीने वाढते आणि हालचालीने हलके होते. पोटरीची कंडरा टाचेच्या हाडास जेथे चिकटते तेथे अंगठ्याने दाबताच मूल पाय झटकन मागे घेते, आणि ही खूण पाहण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. डोळा एकाएकी लाल होऊन दुखणे हीही इशारत समजावी. संधिवाताची नेहमीची रक्तचाचणी आणि आरंभीचा एक्स-रे निर्दोष असला, तरी तेवढ्यावरून मूल निरोगी असल्याचा दाखला देऊ नये.

काहींचा रोग शमतो. परंतु अनेकांत तो तारुण्यातही धुमसत राहतो, खुबा झिजवून ऐन उमेदीत सांधारोपणाची पाळी आणतो, आणि काहींचे मणके जुळून कणा ताठर होतो. टाच दुखू लागल्यापासून कणा धरेपर्यंत बहुधा काही वर्षे जातात, आणि इलाजाची खरी संधी त्याच अवधीत असते. दाहशामक व जैविक औषधे आणि नियमित व्यायाम यांची तजवीज तेव्हाच झाली, तर पुष्कळ मुलांचे चालणे-खेळणे अबाधित राखता येते.

म्हणून माझी आग्रहाची विनंती अशी की, सकाळचे आखडणे किती वेळ टिकते आणि टाच दुखते काय, हे दोन प्रश्न आपल्या तिन्ही नगरांतील प्रत्येक शाळेच्या आरोग्यतपासणीच्या दप्तरात दाखल व्हावेत, आणि संशयित मुलास विनाविलंब बालसंधिवाताच्या तज्ज्ञाकडे पाठवावे. या परिषदेने तसा ठराव करून त्याची अंमलबजावणी पाहावी, अशी प्रार्थना करून मी अध्यक्षमहाराजांना स्थानापन्न होण्याची विनंती करतो.