प्रश्न निवडणाऱ्याची परीक्षा



गुरुजींच्या स्मरणार्थ मानपुरात योजिलेल्या या व्याख्यानात मराठीच्या प्राध्यापकाने बुद्धिबळावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु माझा विषय खेळ नसून प्रश्न हा आहे. उत्तरे तपासण्यात माझे आयुष्य गेले. प्रश्न तपासावयास मी फार उशिरा शिकलो.

१८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील ग्रंथ संस्कृतातून इंग्रजीत येऊन प्रसिद्ध झाला. त्यात प्रामुख्याने डावातील बिकट स्थानेच दिली आहेत. हेतू हा की, शिकणाऱ्याची बुद्धी त्यांवर घासली जावी. विसाव्या शतकात हीच सहाण यंत्रासाठी वापरात आली. फ्रेड राइनफेल्ड यांनी माणसांसाठी जमविलेली ३०० स्थाने संगणकांना घातली जाऊ लागली. त्यांतील पहिल्याच स्थानात पांढरा आपला वजीर प्याद्याच्या तोंडी देतो. प्याद्याने तो मारताच घोडा मात करतो. १९८२ साली ब्रॅट्को आणि कोपेक यांनी २४ स्थानांची परीक्षा मांडली. निम्मी स्थाने डावपेचांची, निम्मी प्याद्यांच्या रचनेची. प्रत्येकास दोन मिनिटे.

असे स्थान निवडावे कसे? पहिली अट, सर्वोत्तम चाल एकच असावी. दुसरी, सहज सुचणारी चाल चुकीची असावी. एरवी परीक्षा कसली? तिसरी अट सूक्ष्म आहे. सोडविणाऱ्यास येथे बलिदान दडले आहे हे आधीच कळले, तर अर्धे काम आयते होते. म्हणून बलिदान मोहक दिसते पण फसते, आणि एखादी साधी, शांत चालच डाव तारते, अशीही स्थाने मिसळावी लागतात. शिवाय चाल बरोबर आली म्हणजे विचार बरोबर होता असे नव्हे. यंत्राने पुढील चाली कोणत्या योजिल्या होत्या, तेही पाहावे लागते.

पुढे नवल घडले. राइनफेल्ड यांच्या काही स्थानांत यंत्रांनी दुसरीही जिंकणारी चाल दाखविली. परीक्षकांनी यंत्राचे गुण कापले नाहीत; उत्तरसूची दुरुस्त केली.

हे वाचले तेव्हा मला एक उत्तरपत्रिका आठवली. कवितेच्या एका ओळीचा अर्थ एका मुलाने नमुना उत्तराहून निराळा लिहिला होता. मी शून्य गुण दिले. पुढे कित्येक वर्षांनी तीच कविता शिकविताना ध्यानात आले की, ओळीतील क्रियापदाचा कर्ता त्याने धरला तसाही धरता येतो. प्रश्नाला दोन उत्तरे होती आणि ते प्रश्न काढणाऱ्यालाच ठाऊक नव्हते. तोवर निकाल जुना झाला होता. त्या मुलाचे नावही मला आठवत नाही, आणि हेच मला अधिक बोचते.

१९९७ साली ‘डीप ब्लू’ने कास्पारोव्हला सामन्यात हरविले. आज त्या ३०० स्थानांपैकी बहुतेक स्थाने साध्या संगणकासही क्षणाचे काम आहेत. जुना प्रश्न निकामी होतो. परीक्षकाला पुन्हा अभ्यासाला बसावे लागते.

शिक्षकबंधूंनो, प्रश्नपत्रिका काढाल तेव्हा प्रथम ती स्वतः विरोधकाच्या बाजूने सोडवून पाहा. मुलांनो, तुमचे उत्तर सूचीत नसेल तर पुढच्या चालींसह मांडा. आणि ते बरोबर ठरले, तर सूची बदलण्याचे धैर्य आम्हांस लाभो, एवढेच मागणे गुरुजींच्या स्मृतीपुढे ठेवून मी आपली रजा घेतो.